दुसरा राउटर जोडल्यापासून नेट येतं-जातं: पत्ता, डीएचसीपी, एमटीयू आणि केबल

किनारा

मांडणी अशी आहे. फायबरचं टर्मिनल आणि राउटर एकाच डब्यात, पीपीपीओई (कंपनीच्या युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) तिथेच डायल होतं. त्याच्या दुसऱ्या लॅन पोर्टातून (घरातल्या उपकरणांच्या बाजूचा) २५ मीटर केबल मागच्या खोलीत नेली आहे. तिथे नवा राउटर आहे आणि केबल त्याच्याही लॅन पोर्टात लावली आहे. नव्या राउटरवर फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलला, बाकी सगळं खोक्यातून आलं तसंच.

लक्षणं:
१) वायफायचे दांडे पूर्ण, तरी 'इंटरनेट नाही' असं येतं. पाचदहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं, पुन्हा जातं.
२) नेट चालू असतानाही काही साइट पटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात.
३) मागच्या खोलीत केबलवर वेग ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. प्लॅन ३००चा आहे.
४) कॅमेरा रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी रेकॉर्डरकडे वळवणं) केलंय, पण बाहेरून काही दिसत नाही.

सुरुवात कुठून करावी?

तारजोड

ही चार लक्षणं एकाच दुखण्याची नाहीत, त्यामुळे सगळ्यावर एकच औषध शोधू नका. पहिल्यापासून सुरू करू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी दोन्ही राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्या. रीसेटचं बटण सध्या अजिबात दाबू नका. मुख्य डब्यातलं पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी पुसलं गेलं, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करण्यावाचून गत्यंतर उरणार नाही.

मागच्या खोलीतल्या विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे तीन निकाल इथे द्या:

आयपीकॉन्फिग /ऑल (यातला आयपी पत्ता, डिफॉल्ट गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, डीएचसीपी सर्व्हर म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारा)
पिंग १.१.१.१ (नेट चालू असताना एकदा, बंद असताना एकदा)
एआरपी -ए (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा याची यादी; हेही दोन्ही वेळा)

आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा दिसला, तर डीएचसीपीकडून काहीच उत्तर आलं नाही आणि लॅपटॉपने स्वतःच पत्ता घेतला असं समजा. तसं असेल तर तपास वेगळ्या वाटेने करावा लागेल.

किनारा

पत्ता १९२.१६८.१.३७, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हरही १९२.१६८.१.१. नेट चालू असताना पिंग ८ मिलिसेकंद, बंद असताना 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. गेटवेला केलेला पिंग मात्र दोन्ही वेळा १ मिलिसेकंदात परत येतो.

एआरपीच्या यादीत १९२.१६८.१.१समोर नेट चालू असताना शेवटी ४ए-१९ असलेला मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर क्रमांक) दिसला. बंद असताना त्याच ओळीत शेवटी सी०-७२.

तारजोड

दुखणं सापडलं. एकाच आयपीसमोर दोन वेगळे मॅक पत्ते, म्हणजे १९२.१६८.१.१ हा पत्ता दोन यंत्रं आपला म्हणून सांगताहेत. दोन्ही राउटर उलटे करून खालची लेबलं वाचा. ४ए-१९ मुख्य डब्याचा असणार आणि सी०-७२ नव्या राउटरचा. (लेबलवरचा मॅक आणि लॅन बाजूचा मॅक यांत शेवटच्या अंकाचा फरक असू शकतो, त्याने गोंधळू नका.)

आत काय चाललंय ते नीट पाहा. बाहेर पॅकेट पाठवायचं तर लॅपटॉपला आधी गेटवेचा मॅक लागतो. म्हणून तो सगळ्या नेटवर्कला विचारतो, '१९२.१६८.१.१ कोणाकडे?' उत्तरं दोन्ही राउटर देतात, आणि ज्याचं उत्तर लॅपटॉपच्या टेबलात बसतं त्याच्याकडे पॅकेटं जाऊ लागतात. मुख्य डबा बसला तर नेट चालतं. नवा राउटर बसला तर पॅकेटं त्याच्याकडे जाऊन थांबतात, कारण त्याचा वॅन पोर्ट (इंटरनेटच्या बाजूचा) रिकामा आहे, पुढे पाठवायला रस्ताच नाही. थोड्या वेळाने टेबलातली नोंद शिळी होते, लॅपटॉप पुन्हा विचारतो, या वेळी कदाचित दुसऱ्याचं उत्तर बसतं. 'आपोआप सुरू होतं, पुन्हा जातं' ते यामुळे. वायफायच्या दांड्यांचा याच्याशी काही संबंध नाही. दांडे फक्त तुमच्यापासून राउटरपर्यंतच्या सिग्नलचे असतात.

त्यात भर म्हणजे डीएचसीपी दोन्हीकडे चालू आहे. दोघं एकाच १९२.१६८.१.x मालिकेतून पत्ते वाटताहेत आणि एकमेकांच्या वह्या त्यांना दिसत नाहीत. आज ना उद्या दोन उपकरणांना एकच पत्ता मिळून 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट'चा संदेश येईल.

दुरुस्ती या क्रमानेच करा. क्रम चुकला की राउटरच्या पानापर्यंत पोचताच येत नाही.

१. दोन राउटरमधली केबल काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि तो केबलने फक्त नव्या राउटरला जोडा.
२. १९२.१६८.१.१ उघडा. लॅन सेटिंगमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.०. सेव्ह केल्यावर पान अडकेल. ते बरोबर आहे, कारण जुना पत्ता आता उरलेलाच नाही.
३. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा आणि १९२.१६८.१.२ उघडा.
४. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हे सगळ्यात शेवटी. आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि पानही उघडणार नाही. तसं झालंच तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० पत्ता देऊन आत शिरा आणि काम झालं की तो 'ऑटोमॅटिक'वर परत आणा. हे परत आणायचं फार जण विसरतात.
५. मुख्य डब्यात डीएचसीपीची मालिका १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० अशी आखा. .२ या मालिकेच्या बाहेर राहायलाच हवा, नाहीतर मुख्य डबा तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन मोकळा होईल.
६. केबल पुन्हा लॅन ते लॅन जोडा. नव्या राउटरचा वॅन पोर्ट रिकामाच ठेवा.
७. जी उपकरणं आधीपासून जोडलेली होती त्यांच्याकडे जुना पत्ता तसाच असेल. विंडोजवर आयपीकॉन्फिग /रिलीज, मग आयपीकॉन्फिग /रिन्यू. फोनवर ते वायफाय नेटवर्क 'विसरा' म्हणा आणि पुन्हा जोडा.

उंबरा

नव्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (राउटर फक्त वायफाय देतो, पत्ते वाटत नाही) असेल तर वरच्यातलं बहुतेक काम एका क्लिकमध्ये होतं. त्या मोडमध्ये पुष्कळ राउटर वॅन पोर्टही लॅनसारखाच वापरतात आणि स्वतःचा पत्ता मुख्य डब्याकडून घेतात. मग राउटरचं पान कुठे गेलं म्हणून शोधत बसू नका. मुख्य डब्याच्या डीएचसीपी यादीत त्याचा मॅक शोधा, समोर पत्ता दिसेल.

एक राहिलं. आयपीव्ही६ चालू असेल तर नव्या राउटरवर 'राउटर ॲडव्हर्टाइजमेंट' आणि डीएचसीपीव्ही६ हेही बंद करा. आयपीव्ही४चा डीएचसीपी बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं नसतं. काही राउटर आयपीव्ही६मधून स्वतःला डीएनएस (साइटच्या नावाचा आयपी सांगणारा) म्हणून जाहीर करत राहतात. मग पिंग चालतो पण नावं उघडत नाहीत.

मला विचाराल तर याहून बरं म्हणजे मुख्य डबा ब्रिज मोडला टाका (मग तो राउटरचं काम सोडून पॅकेटं नुसती पुढे पाठवतो) आणि पीपीपीओई नव्या राउटरवर डायल करा. दोन राउटरची भानगडच नको. पोर्ट फॉरवर्डही एकाच ठिकाणी.

तारजोड

आयपीव्ही६ बद्दल पूर्ण सहमत, मी लिहायला हवं होतं. ब्रिज मोडबद्दल मात्र इतक्यात नाही. मागच्या खोलीत वायफाय पोचवणं एवढीच गरज असेल तर ॲक्सेस पॉइंट पुरतो. ब्रिज मोडचा फायदा होतो तो नव्या राउटरची फायरवॉल, व्हीपीएन किंवा रांगेचं नियंत्रण वापरायचं असेल तेव्हा. आणि इथे नवा राउटर मागच्या खोलीत आहे. तिथून डायल केलं तर मुख्य डब्याच्या बाकीच्या पोर्टांना नेट द्यायला दुसरी केबल परत आणावी लागेल, नाहीतर व्हीलॅन (एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्क) लावावे लागतील.

पोर्ट फॉरवर्डसाठी म्हणून ब्रिज करत असाल तर आधी एक गोष्ट तपासा. मुख्य डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी काय आहे? १०० ते १२७ या दुसऱ्या अंकाकडे लक्ष ठेवा: १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो कंपनीने अनेक ग्राहकांत मिळून वाटलेला आहे.

उंबरा

वरचं वाक्य वाचताना घोळ होईल, म्हणून सुटं करून सांगतो. पत्त्याचा पहिला भाग १०० आणि दुसरा भाग ६४ ते १२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या नॅटच्या मागे आहात. ही मालिका २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. पहिला भाग १००, पण दुसरा ६४च्या खाली किंवा १२७च्या वर, तर तो साधा सार्वजनिक पत्ता. वॅनवर १०.x, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ दिसलं तरी अर्थ तोच, वर आणखी एक नॅट आहे.

तारजोड

बरोबर, माझं वाक्य तसंच वाचा.

किनारा

सात पायऱ्या केल्या, ॲडव्हर्टाइजमेंटही बंद केलं. एआरपीत आता एकच मॅक, ४ए-१९. कालपासून नेट एकदाही गेलेलं नाही. लक्षण १ मिटलं, दोघांचे मनापासून आभार.

वॅनचा आयपी १००.७२ने सुरू होतो.

उंबरा

मग तुमचं पोर्ट फॉरवर्ड बरोबर असूनही चालणार नाही, आणि ब्रिज मोडनेही काही बदलणार नाही. बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या नॅटपाशीच थांबते, तुमच्या डब्यापर्यंत येतच नाही. ब्रिज मोडची माझी सूचना मागे घेतो.

तीन वाटा आहेत. कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्थिर आयपी मागा. किंवा आयपीव्ही६ मिळत असेल तर रेकॉर्डरचा आयपीव्ही६ पत्ता वापरून राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढाच पोर्ट उघडा. यात रेकॉर्डरला आयपीव्ही६ समजायला हवं आणि ज्या फोनवरून पाहणार त्यालाही. किंवा सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन घरातून त्याच्याकडे वायरगार्डचा (हा व्हीपीएनचा एक प्रकार) बोगदा काढा. जोडणी आतून बाहेर जात असल्याने सीजीनॅट आड येत नाही. नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०. घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत पडलेला बोगदा नॅट विसरून जातं.

मी तिसरी वाट धरेन. रेकॉर्डरचा लॉगिन पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकणं मुळातच धोक्याचं. अशा उपकरणांचं फर्मवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही आणि उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात.

सार्वजनिक आयपी घेतलात तर चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाणं बऱ्याच राउटरना जमत नाही, आणि माणूस उगाच चालू असलेलं फॉरवर्ड मोडून पुन्हा करत बसतो.

निरंक

लक्षण २बद्दल. ज्या साइट फिरत राहतात त्यांचा पिंग येतो का? पिंग येतो, नावाचा आयपीही मिळतो, पण पान उघडत नाही, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, पाहायला हवा. विंडोजवर:

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१
पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१

लिनक्सवर -एफ -एलच्या जागी '-एम डू -एस'. यात -एफ म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका आणि -एल म्हणजे आतला माल किती बाइट. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ असे २८ मिळवा: १४७२ म्हणजे १५००चं पॅकेट, १४६४ म्हणजे १४९२चं. पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून १४९२. काही सर्व्हर मोठ्या पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर करून पाहा. नकार नेमका कोणत्या शब्दांत येतो तेही लिहा.

किनारा

१४६४ दोन्ही पत्त्यांवर जातो. १४७२ला दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. हो, अडकणाऱ्या साइटना साधा पिंग मिळतो.

निरंक

ते शब्द महत्त्वाचे आहेत. सगळं ठीक असतं तर 'पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' असा स्पष्ट निरोप आला असता, म्हणजे वाटेतल्या राउटरने 'एवढं मोठं चालणार नाही' हे कळवलं असतं. तुमच्याकडे पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातंय, निरोप येतच नाही.

आता साइटचं. ब्राउझर आणि सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला एकमेकांना जास्तीत जास्त तुकडा किती ते सांगतात, त्याला एमएसएस म्हणतात. १५००ला तो १४६० आणि १४९२ला १४५२. सुरुवातीची पॅकेटं इवलीशी, ती निघून जातात. मग सर्व्हर आपली ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटचं असतं, म्हणजे पूर्ण भरलेली पॅकेटं. ती वाटेत गळतात, सर्व्हर तीच पुन्हा पाठवतो, पुन्हा गळतात. पान फिरत राहतं.

मग काही साइट का उघडतात? त्या बहुधा क्विकवर, म्हणजे यूडीपीवर चालतात. क्विक साधारण १२०० बाइटच्या आसपासच्या पॅकेटांनी सुरुवात करतं, त्यामुळे ती या अरुंद दारातून सहज जातात. 'व्हिडिओ उत्तम चालतात, पण एखादी साधी फॉर्म भरायची साइट उघडत नाही' हे कोडं बरेचदा इथेच सुटतं.

मुख्य डब्याच्या पीपीपीओई पानावर एमटीयू काय लिहिलाय ते बघा. १५०० असेल तर १४९२ करा आणि 'एमएसएस क्लॅम्पिंग' (राउटरने एमएसएस आपोआप कमी करणं) असा पर्याय असेल तर चालू करा. लॅपटॉपवर किंवा फोनवर एमटीयू बदलू नका. दहा उपकरणांवर दहा ठिकाणी केलेला उपाय अकराव्या उपकरणाला उपयोगी पडत नाही.

किनारा

तिथे १५०० होता. १४९२ केला, जोडणी तोडून पुन्हा डायल केली. अडकणाऱ्या सगळ्या साइट आता उघडताहेत. राहिला वेग.

पारवा

९४ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर हेडर वजा जाता हातात साधारण एवढंच उरतं. म्हणजे लिंक गिगाबिटला बसलेली नाही. आधी दोन्ही राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, हे त्यांच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. स्वस्त राउटरवर वायफायचे आकडे मोठे आणि लॅन पोर्ट १०/१००चे, हे सर्रास असतं.

पोर्ट ठीक असतील तर केबल. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात: पिन १, २, ३, ६. गिगाबिटला चारही जोड्या, आठही तारा. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार जरी पिनपर्यंत पोचली नसेल तर बरीच उपकरणं चुपचाप १००वर उतरतात. एरर येत नाही, लाइटही लागतो, बऱ्याच राउटरवर फक्त त्याचा रंग बदलतो.

दोन मीटरची तयार केबल घ्या, लॅपटॉप थेट मुख्य डब्याच्या त्याच पोर्टाला जोडा. विंडोजमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसला तर पोर्ट निर्दोष आणि दोष २५ मीटरवाल्या केबलचा. लांबी कारण नाही, मर्यादा १०० मीटरची आहे.

मग दोन्ही टोकांचे कनेक्टर डोळ्यांसमोर धरा. क्लिप खाली, सोनेरी पिना वर, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. समोरून पाहताना आठही तारांची तांब्याची टोकं प्लॅस्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिली तर पिनचं पातं तिच्यात रुतत नाही. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, पकडीच्या दाताखाली हवं. जोड्यांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका.

एक कळकळीची विनंती: ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग हाताने ठरवू नका. एका टोकाला 'ऑटो' आणि दुसऱ्याला '१०० फुल' झालं की ऑटो बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जाते, मग पॅकेटं आदळत राहतात आणि वेग ९४वरूनही खाली कोसळतो. दोन्हीकडे ऑटोच.

किनारा

पोर्ट दोन्ही गिगाबिट. छोट्या केबलवर १०००. मागच्या खोलीतल्या कनेक्टरमध्ये पांढरा-तपकिरी आणि तपकिरी या दोन्ही तारा पुढच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या नव्हत्या. कापून नवा कनेक्टर बसवला. आता २८७.

शेवटचे दोन प्रश्न. दोन्ही वायफायचं नाव एकच ठेवावं का? आणि नव्या राउटरच्या लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९७० दिसते, हे काय?

पारवा

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही एकसारखे ठेवा, चॅनल वेगळे. २.४ गिगाहर्ट्झला एकावर १, दुसऱ्यावर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला एकावर ३६, दुसऱ्यावर १४९. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारसाठी थांबावं लागतं, म्हणून राउटर चालू झाल्यावर निदान मिनिटभर ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. ते बिघाड समजू नका. कोणत्या राउटरला धरायचं हे फोन ठरवतो. मागच्या खोलीत बसूनही फोन पुढच्यालाच चिकटून राहिला तर पुढच्याची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करा.

तारजोड

तारीख: बहुतेक राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ विचारतात, ती मिळेपर्यंत १९७०पासून मोजतात. तुमच्या नव्या राउटरला पत्ता दिला, पण बाहेर जायचा रस्ता सांगितलेला नाही. त्याच्या लॅन पानावर गेटवे १९२.१६८.१.१ आणि डीएनएसही १९२.१६८.१.१ भरा, मिनिटाभरात वेळ जुळेल. फर्मवेअरचे अपडेट शोधायलाही त्याला हाच रस्ता लागतो. त्या पानावर गेटवेचा रकानाच नसेल, तर उंबरा यांनी सांगितलेला ॲक्सेस पॉइंट मोड लावा. त्यात गेटवे मुख्य डब्याकडून आपसूक मिळतो. फक्त मोड बदलल्यावर .२ हा पत्ता राहील याची खात्री नाही, मुख्य डब्याच्या यादीत सी०-७२वाला मॅक शोधून त्याच्या नावाने पत्ता राखून ठेवा.